कावळ्यांना ऊब

मित्रांनो, मी एक जुना, खोली गरम ठेवणारा ओतीव लोखंडाचा रेडिएटर आहे. सात फासळ्यांचा, अंगावर रंगाचे पाच थर चढलेला. उत्तरेकडच्या थंड देशातल्या येल्गावा शहरात, एका पाच मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, झिगुर्ड्सच्या खिडकीखाली मला बसवले, त्याला पन्नास वर्षे झाली. गावाच्या बॉयलरघरातून आलेले कढत पाणी आधी माझ्या पोटातून फिरते आणि मग वरच्या घरांत चढते.

माझ्यात एक उणीव आहे. मला पाणी कमी-जास्त करायची तोटी नाही. मला बसवले तेव्हा इंधन स्वस्त होते, तोटीचा विचारच कोणी केला नाही. त्यामुळे मला कमी तापता येत नाही. उकडू लागले की झिगुर्ड्स भर बर्फात खिडकी उघडतो.

पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत पाणी कोमट होते. तिथे वेल्ताकाकू राहायची. ती घरातही कोट घालून बसायची. हिवाळ्यात दुपारी विणकाम घेऊन ती खाली यायची, खुर्ची ओढून मला पाठ टेकवायची. तिच्या हाडांतला गारठा मला कळायचा.

"बाहेरच्या कावळ्यांना ऊब देतोस," ती खिडकी उघडणाऱ्या झिगुर्ड्सला म्हणायची. "ते हातमोजे विणून देतात का रे तुला?"

"काकू, कावळे टोमणे तरी मारत नाहीत!" तो म्हणायचा.

गेल्या वर्षी शरदात एका कंपनीची बाई आली. जिन्यात सगळे जमले.

"आधी खर्च आम्ही करतो," ती म्हणाली. "भिंतींना नि छपराला ऊब धरणारं जाड अस्तर, घरोघरी तोट्या. जेवढं इंधन वाचेल, त्यातून आमचे पैसे फिटतील. अशा हजारो इमारती आहेत, आम्हाला माणसं पुरत नाहीत. डिसेंबर संपेपर्यंत निम्म्याहून जास्त घरांच्या, म्हणजे एकतीस सह्या द्या, नाहीतर आम्ही समोरच्या इमारतीत जातो."

साठ घरांतून तीस सह्या झाल्या. उरलेल्यांपैकी बहुतेक घरांना कुलपे होती. मालक परदेशी कामाला गेलेले. काकू कागद घेऊन झिगुर्ड्सकडे आली.

"फुकटचं चीज उंदराच्या पिंजऱ्यातच मिळतं, काकू."

"अरे, फुकट कुठलं? तू कावळ्यांना जी ऊब घालतोस, तिचेच पैसे ते नेणार!"

"बघू पुढे. मला तर उकडतंय."

मी सारे ऐकत होतो. मला हात असते तर सही मीच केली असती.

डिसेंबर सरला. जानेवारीत काकूच्या छातीत कफ झाला आणि तिची मुलगी तिला दूर आपल्या गावी घेऊन गेली. त्या दिवशी झिगुर्ड्सने खिडकी लावली आणि कंपनीला फोन केला. "करतो मी सही, आजच करतो." पलीकडून उत्तर आले, कंपनीने समोरची इमारत घेतली होती. "तीन वर्षं? एवढी रांग?"

समोरच्या इमारतीचे काम उन्हाळ्यात झाले. तिच्या छपरावर या हिवाळ्यात बर्फ टिकून राहते, कारण तिथली ऊब आत राहते. आमच्या छपरावरचे बर्फ वितळून ठिबकत असते.

मित्रांनो, तुमच्या पंख्याला, दिव्याला बटण आहे. ते तुमच्या हातात आहे. ते वेळेवर बंद करा. आणि कोणी सही मागायला दारात आले, तर आपल्याला उकडते की नाही एवढेच पाहू नका. वर कोण राहते, तेही आठवा.

काकूची खुर्ची अजून माझ्याजवळ आहे. झिगुर्ड्स ती हलवत नाही. आज पुन्हा उकडले, त्याने खिडकी उघडली. मी तापतोच आहे. बाहेर कावळे येऊन बसले आहेत.