प्रार्थनेचा विषय

बुधवारच्या महिला प्रार्थनेत सरितानं विषय दिला, "उज्वला तिच्या सासूबाईंना कोंडून कामाला जाते. गोजराबाईंसाठी प्रार्थना करू या." बायकांनी डोळे मिटले. शुक्रवारपर्यंत नाशिकरोडच्या त्या चर्चच्या मंडळीत ही गोष्ट सगळ्यांना कळली होती.

शनिवारी सरिता उज्वलाच्या दारात गेली. दोघींचं दृढीकरण, चर्चचं पूर्ण सभासद होण्याचा विधी, एकाच रविवारी झालेलं. नवरा वारल्यापासून उज्वला कंपनीत पॅकिंगला जायची. तिनं जाळीचं दार उघडलंच नाही.

"काय राहिलं अजून? फोटो काढायचाय?"

"तुझ्याशी बोलायला आले."

"आधी वीस बायकांशी बोललीस, मग माझी आठवण आली?"

"उज्वला, तू बाहेरून कडी लावतेस. त्या आत पडल्या, आग लागली, तर?"

"आणि उघडं ठेवलं तर? त्यांना आता घरसुद्धा आठवत नाही. मार्चमध्ये त्या एकट्याच चालत बिटको चौकात गेल्या. ट्रकखाली येता येता वाचल्या. तेव्हा कुठे होती तुमची प्रार्थना?"

उज्वलानं लाकडी दारही तिच्या तोंडावर आपटलं.

जिना उतरताना सरिताचे कान तापले होते. चुकणाऱ्याला आधी एकटं गाठून सांगायचं, हे संडे स्कूलमध्ये मुलांना तीच शिकवायची.

दुसऱ्या दिवशी उपासना संपताना ती उभी राहिली. "बुधवारी मी उज्वलाबद्दल बोलले, ती प्रार्थना नव्हती. चहाडी होती. मला क्षमा करा."

मागच्या बाकावरून उज्वला उठली आणि तडक बाहेर गेली. सरितानं तिला फाटकापाशी गाठलं.

"झालं समाधान?" उज्वला कडाडली. "आता तू चांगली, मीच वाईट!"

"माझी चूक मी कबूल केली. पण म्हणून कडी लावणं बरोबर ठरत नाही. ते मी तुला सांगतच राहणार."

"तोंड बघायचं नाही मला तुझं."

"नको बघूस. मंगळवारी, गुरुवारी माझा शिवणक्लास नसतो. मी येऊन बसते त्यांच्याजवळ."

उज्वलानं गाडी सुरू केली आणि निघून गेली.

मंगळवारी सकाळी आठला सरिता दारात हजर. उज्वला डबा घेऊन बाहेर आली. तिच्याकडे न बघता म्हणाली, "अकराला गोळी. दूध कोमट करून दे. आणि या घरातलं एक अक्षर बाहेर गेलं, तर पुन्हा ही पायरी चढायची नाही."

"बाकीच्या दिवसांसाठी आपल्या चर्चमधल्या भिमाबाईंना विचारू? तू हो म्हणालीस तरच."

उज्वला जिन्यावर थांबली.

"मीच विचारीन," ती म्हणाली, आणि उतरून गेली.

पुढच्या सोमवारपासून भिमाबाई येऊ लागल्या. चर्चमध्ये उज्वला अजूनही सरिताशी बोलत नाही.