सापळ्यातला खडस

अनिशचा मामा जहाजावर नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्याने भाच्यासाठी एक वेगळाच गळ आणला. लांब, लवचीक काठी, जाड पिवळी दोरी आणि टोकाच्या आकड्याला पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. ती पाण्यावर अलगद टेकवायची, मासा खरी समजून झेपावतो. नाताळच्या सुट्टीत कणकवलीच्या ज्युनियर कॉलेजातले तीन मित्र, अनिश, विनीत आणि निकेत, तो गळ, तंबू आणि तांदळाची पिशवी घेऊन घाटाखालच्या नदीवर गेले. एसटी जिथे थांबते तिथून पुढे पायीच. काठावरच्या बाबलीकाकांनी त्यांना आपल्या मळ्यात तंबू ठोकू दिला, चुलीला लाकडं दिली.

निकेत तारकर्लीचा. बाप सत्यवान होडी घेऊन समुद्रात जाणारा, आई मालवणच्या बाजारात मासे विकणारी. त्यामुळे एसटीतच तो छाती फुगवून म्हणाला होता, "तुमी नुसती चूल पेटवा. माशांचा माज्याकडे लागला."

पण पहिला दिवस त्याच्या पिसाच्या माशीने जांभळाच्या फांदीत आणि त्याच्याच शर्टाच्या कॉलरमध्ये काढला. अनिशला मात्र संध्याकाळी दोन छोटे मासे लागले. विनीत पोट धरून हसला.

"निकेत, तुमच्या दर्यातले मासे आपणच होडयेत उडी मारतत काय रे?"

निकेतही हसला. झोपताना मात्र ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

सकाळी दोघांना झोपलेलं ठेवून तो गळ घेऊन एकटाच नदीच्या वरच्या अंगाला गेला. थोडा वेळ माशी फेकून पाहिली, पण ती पाण्यापर्यंत पोचतच नव्हती, काठावरच्या झुडपातच अडकत होती. गळ गुंडाळून तो तसाच पुढे चालत राहिला. वळणावर कोणीतरी दगड रचून पाणी अडवलं होतं आणि मधल्या फटीत बांबूच्या कामट्यांचा सापळा बसवला होता. आत चांगला हातभर लांब खडस मासा शेपटी आपटत होता.

गेल्या वर्षी कोणीतरी पहाटे निकेतच्या बापाने समुद्रात लावलेली जाळी उचलून मासे काढून नेले होते. रिकामी, ओली जाळी घेऊन परतलेला बाप त्या दिवशी जेवला नव्हता. "घरात शिरलेलो चोर बरो," एवढंच म्हणाला होता. निकेतला हे सापळ्यापाशी आठवलं नाही, असं नाही. आठवलं. तरीही त्याने सापळ्याच्या तोंडाची दोरी सोडली. मासा काढला आणि पिसाच्या माशीचा आकडा स्वतःच्या हाताने त्याच्या ओठात रुतवला.

तंबूपाशी एकच आरडाओरडा झाला. विनीतने फोटो काढला, टेकाडावर जिथे रेंज मिळत होती तिथे धावत जाऊन निकेतच्या घरीसुद्धा पाठवला. अनिश गळ हातात घेऊन त्याची दोरी चाचपत होता.

निकेतने तिरफळं घालून कालवण केलं. दुपारी बाबलीकाका डोकावले तेव्हा विनीतने त्यांना हाताला धरून बसवलं. "काका, आमच्या निकेतान पकडल्यान. चाखा तरी."

काका दोन घास खाऊन खूश झाले. "दर्यावरच्या पोराचो हात तो. उगाच नाय."

तेवढ्यात नदीकडून एक माणूस तरातरा येताना दिसला. हा महादू, काकांचा चुलतभाऊ. दोघांत मिळून तो एकच सापळा होता, एक दिवस याचा आणि एक दिवस त्याचा. आजचा दिवस महादूचा होता. त्याने काकांच्या ताटलीकडे बघितलं आणि तो जागच्या जागी थांबला.

"माज्या दिसाचो मासो काढलंस, बाबल्या? आणि हय बसान पोरांका घालतंस?"

"महादू, तोंड सांभाळ. हो पोरांनी गळान पकडलेलो."

"सापळ्याचा तोंड सुटलेला आसा. मासो काय गाठ सोडून गेलो?"

काका उठले. "माज्या झिलाची, पोराची शपथ घेव?" त्यांचा आवाज कापत होता. वर्षभर अबोला धरून दोघं आत्ता कुठे बोलायला लागले होते, हे पोरांना कुठे माहीत?

"थांबा, थांबा!" विनीतने मोबाईल पुढे केला. "हो बघा पुरावो."

महादूने फोटो पाहिला. ओठात माशीचा आकडा, मागे नदी, हसणारा निकेत. त्याचा चेहरा उतरला. त्याने काकांसमोर हात जोडले. "बाबल्या, चुकलंय मी. उगीच संशय घेतलंय." मग निकेतकडे वळून म्हणाला, "बाबू, तुमच्या जेवणात इघन आणलंय. राग मानू नको हां." आणि मान खाली घालून परत निघाला.

निकेतचे कान तापले. त्याने ताटलीतल्या काट्यांकडे बघितलं आणि एकाएकी उठून धावला. महादू कुंपणापर्यंत पोचला होता.

"काका, तो मासो मी काढलंय. सापळ्यातसून. आकडो मागसून लावलंय."

महादूने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "खंयचो तू?"

"तारकर्लेचो."

"बापूस?"

"होडी आसा आमची."

"मगे तुका कळता." महादूने त्याचं मनगट धरलं. "चल. बाबल्यासमोर सांग. माका त्याच्यासमोर हात जोडूक लावलंस मा?"

निकेतने सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. बाबलीकाकांनी ताटली खाली ठेवली, नदीवर जाऊन हात धुतले आणि तोंडही. परत येऊन महादूच्या खांद्यावर हात ठेवून ते त्याच्याबरोबर निघून गेले. पोरांना काहीच बोलले नाहीत. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं निकेतला वाटलं.

विनीतने खाली बघत मोबाईल खिशात टाकला. अनिश म्हणाला, "माका सकाळीच कळलेला. दोरी पुरी सुकी होती."

"मगे बोललंस नाय कित्याक?" निकेतने विचारलं.

"तूच सांगशीत, असा वाटला."

तंबू त्यांनी त्याच दुपारी काढला. परतीच्या एसटीत निकेत एकटा मागच्या सीटवर बसला.

घरी पोचला तेव्हा सत्यवान अंगणात जाळं शिवत होता. त्याने हसून बाजूला जागा केली. "बस. कसो पकडलंस ता सांग. आवशीन आख्ख्या बाजारात फोटो दाखवल्यान."

निकेत उभाच राहिला. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. बापाचा हात जाळ्यावर थांबला. आत आई कुणाशीतरी फोनवर त्याच खडसाबद्दल बोलत होती, हसत होती. सत्यवान ते ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "तिका आज सांगू नको. उद्या बाजारात लोकांका तोंड दाखवूचा आसा तिका."

सुट्टीत रोज पहाटे बाप त्याला होडीवर नेण्यासाठी हाक मारायचा. दुसऱ्या दिवशी निकेत आधीच जागा होता. त्याने बापाचं खाकरणं ऐकलं, वल्ही खांद्यावर घेतल्याचा आवाज ऐकला. दाराशी पावलं थोडी थांबली. हाक आली नाही. उठून मागोमाग जावं असं निकेतला फार वाटत होतं, पण अंगावरची चादर दूर करायची त्याला हिंमत झाली नाही.