आबांच्या वाटेवरचा खड्डा

"मेल्यांनो, हा खड्डा एक दिवस माझा जीव घेणार!"

सकाळ झाली की आबांचं हे सुरू. माझ्या शिवणयंत्रासमोर, लोहाराच्या कोपऱ्यावर थांबायचं, खड्ड्यात काठी आपटायची, अख्ख्या गावाचा उद्धार करायचा आणि डावीकडच्या बोळात वळायचं. बोळाच्या टोकाला त्यांचा गोठा. गाय अशी आडमुठी, की आबांखेरीज कुणी कासेला हात लावला तर लाथ ठरलेली.

गाव म्हणायचं, म्हातारा तापट आहे. खरं काय ते मला ठाऊक होतं. एकदा मी वाटेत गप्प उभा होतो, तर आबा सरळ माझ्यावरच येऊन आदळले. म्हाताऱ्याची नजर पार गेली होती, नुसता उजेड-अंधार कळायचा. काठी खड्ड्यात गेली की वळायचं, एवढ्यावर त्यांचं चालायचं. आणि ज्याला दिसत नाही तो खड्ड्याला शिव्या कशा देईल, असं गावाला वाटावं म्हणून रोज घसा फोडून ओरडायचं.

"शिंप्या, कुणाला बोलू नकोस," माझं मनगट धरून ते म्हणाले. "पोराला कळलं तर गाय विकेल तो. मला ओट्यावर बसवतील, आणि मग मी तिथूनच जाईन."

मी शब्द दिला. देऊन बसलो, असंच म्हणायला हवं.

यंदाच्या उन्हाळ्यात गावाला म्हाताऱ्यांचा पुळका आला. सभा भरली. म्हाताऱ्यांना नीट चालता यावं, बसता यावं, असं काहीतरी करायचं ठरलं. आबांचा मुलगा गवंडी, तो ताडकन उठला.

"मजुरी नको मला. पण सुरुवात लोहाराच्या कोपऱ्यापासून. आमचे आबा किती वर्षं ओरडतायत, कुणी ऐकलं का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आबा कोपऱ्यात बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण आता नको कुठल्या तोंडानं म्हणणार? स्वतःच मागितलेलं होतं ना!

पोरानं जीव ओतून काम केलं. भर उन्हात, पाय भाजणाऱ्या मातीत गुडघे टेकून खड्डा भरला, दगडगोटे उपटले, गटार झाकलं, बोळाचं तोंडही रस्त्याच्या बरोबरीला आणलं. वर सिमेंट असं घोटलं की हात फिरवत बसावं. बोळासमोरच्या बाजूनं सरळ तळ्यापर्यंत कठडा आणि माझ्या दुकानासमोर बाक. बापासाठी असं कुणी करत नाही हो, खरं सांगतो.

पहिलं पाऊल आबांनीच टाकायचं ठरलं. मुलानं त्यांचा हात कठड्यावर ठेवला. आबा निघाले. कोपरा आला, गेला, त्यांना पत्ताच नाही. लोक टाळ्या वाजवत होते.

"आबांना रस्ता भलताच आवडला, थांबेनात की!" लोहार हसला.

मी मागून धावलो. कठडा संपला तिथं, तळ्याच्या काठावर ते उभे होते.

"शिंप्या, वळण कुठं गेलं रे?"

मग काही दिवस मीच त्यांना हात धरून गोठ्यात नेऊ लागलो. एका सकाळी समोरून मुलगा आला.

"काका, आबांना हात धरून का नेताय? बरं नाही का त्यांना?"

आबांनी माझा हात झटकला. "मला काय धाड भरलीय? हाच चिकटतोय!"

ती वाट बंद झाली, आबा पुन्हा माझा हात धरेनात. त्या संध्याकाळी मी गुपचूप वळणावर एक चांगला मोठा दगड आणून ठेवला. सकाळी आबांची काठी त्यावर वाजली, म्हाताऱ्याचा चेहरा उजळला, आणि तेवढ्यात गवंडी धावत आला.

"कुठल्या नालायकानं म्हाताऱ्यांच्या वाटेत दगड टाकला? आबा, आत्ता पडला असता तुम्ही!"

त्यानं दगड उचलून लांब भिरकावला.

"हो ना," आबा हळूच म्हणाले. "लोकांना अक्कल नाही."

खरं सांगावं तर गाय जाते, न सांगावं तर गाईपर्यंत पोचता येत नाही. मी रात्रभर डोकं खाजवलं, मार्ग सापडला नाही.

काल सकाळी आबा येऊन बाकावर बसले. गोठ्यातून गाय हंबरत होती. कास भरून आली की जनावर कसं ओरडतं, ते ऐकवत नाही. आबांची मान त्या आवाजाकडे वळायची, ते अर्धवट उठायचे, काठीनं समोरचं सिमेंट चाचपायचे आणि पुन्हा बसायचे. सगळीकडे सारखंच गुळगुळीत.

मुलगा कामावर निघाला होता. "आबा, गाय कधीची ओरडतेय. जात का नाही?"

"बसू दे रे जरा," आबा म्हणाले. "बाक फार छान केलायस."

पोराचा चेहरा खुलला. बापाच्या तोंडून कौतुक त्यानं जन्मात पहिल्यांदाच ऐकलं असेल. तो शीळ घालत निघून गेला. गाय ओरडतच होती. मी मान खाली घातली आणि सुईखाली कापड नसतानाच यंत्र चालवत राहिलो.