पाचवं पोर

गोवराच्या लशीच्या एका बाटलीत पाच पोरांपुरतं औषध असतं. एकदा त्यात पाणी मिसळलं की ते चार तासांत संपवायचं, नाहीतर फेकायचं. फेकलं की वरून मेमो येतो. म्हणून नर्सबाईंनी साधा नियम केला होता, पाच पोरं जमली तरच बाटली फोडायची. ग्रामपंचायतीच्या सभेला कोरम लागतो आणि तो कधीच भरत नाही, हे चोपडा तालुक्यातल्या त्या चाळीस घरांच्या वस्तीला ठाऊक होतं. सुईलाही कोरम लागतो हे एकोणनव्वद साली कळलं.

पितांबर केळी कापायच्या कामाला जायचा. त्याची सुजाता नऊ महिन्यांची झाली होती. दंडावरची लस, त्रिगुणी, पोलिओचे थेंब, सगळं वेळच्या वेळी झालेलं. राहिली होती फक्त गोवराची, आणि शेजारच्या गावात गोवर निघायला लागला होता. त्या दिवशी खाडा करून तो बायको-पोरीसह समाजमंदिराच्या ओट्यावर पहिला येऊन बसला. मागून तीन बायका आपापली पोरं घेऊन आल्या.

"चार झाले, एक कमी," नर्सबाई म्हणाल्या. "बस यायच्या आत आणा."

सुजाताला बायकोच्या, द्रौपदाबाईच्या, मांडीवर देऊन पितांबर निघाला. भिकुबाईचा नातू अंगणात रांगत होता.

"अक्का, नातूले सुई टोचाले लई चाल. फुकट शे."

"फुकट शे म्हनीसनच नको," भिकुबाई म्हणाली. "मागली सुई टोची तं दोन दीन रडना. सून कापूस येचाले जाई का त्याले लीसन बसी? आनि गोवर निंघना तं निंघना. आंगनी गरमी निंघी जास."

"मनी पोरसाठे तरी चाल."

"वा रे भाऊ! सुई तुनी पोरले, आनि ताप मना नातूले?"

झुलालचं पोर मामाच्या गावी गेलेलं. दुकानदार रतिलालने गादीवरूनच सांगितलं, "आम्ही अमळनेरला टोचतो. पैसे देऊन."

पितांबर परत आला. "बाई, पाचवा मले धरा."

"तुमचं वय?"

"एकतीस."

"मला नऊ महिने लागतात."

"मंग सुजातालेच दोन डाव टोचा."

नर्सबाई हसल्या नाहीत. मागल्या महिन्यात वाया गेलेल्या डोसांचं उत्तर त्यांना अजून लिहायचं होतं. बसने हॉर्न दिला. त्यांनी बर्फाच्या डब्याचं झाकण लावलं. "पुढच्या महिन्यात नक्की. फक्त पाच आणा."

गोवराने कोरमची अट ठेवली नव्हती. सुजाताच्या कानामागे पुरळ आलं, मग अंगभर, मग छाती भरली. चोपड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोवराची लस का नाही दिली?"

"एक पोर कमी पडनं, साहेब."

डॉक्टरांनी द्रौपदाबाईकडे पाहिलं. माणसाचं डोकं फिरलं असेल तर घरच्यांनी सांगावं, अशा नजरेनं. तिनेही तेच सांगितलं, एक पोर कमी पडलं.

दुसऱ्या दिवशी सुजाता गेली.

पुढच्या महिन्यात नर्सबाई ठरल्या दिवशी आल्या. ओट्यावर त्याच तीन बायका, आणि सगळ्यांच्या पुढे, नातवाला पदराखाली झाकून, भिकुबाई. झुलालचं पोर मामाकडून गोवर घेऊनच आलं होतं. ते बचावलं, त्यामुळे त्याला आता सुईची गरज उरली नव्हती.

नर्सबाईंनी मोजलं. "चार. एक कमी."

सगळ्या माना पितांबरच्या दाराकडे वळल्या आणि तितक्याच घाईनं परत फिरल्या. तो दारात विळ्याला धार लावत होता. विळा ठेवून तो उठून आला.

"पाचवी मनी सुजाता धरा."

नर्सबाईंनी बाटली फोडली. चार पोरं एकामागून एक रडली, भिकुबाईचा नातू सगळ्यात मोठ्यानं. "व्हई गयं, व्हई गयं," करत ती पितांबरकडे न पाहता घरी गेली.

बाटलीच्या तळाशी एक डोस उरला. नियमाप्रमाणे तो अजून चांगला होता. पितांबर ओट्यावर बसून राहिला. बस आली, हॉर्न देऊन निघून गेली. नर्सबाई उठल्या नाहीत.

दुपार कलल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आता फेकू?"

"थोडा येळ शे ना आजून?"

त्यांनी घड्याळात पाहिलं. "आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या," पितांबर म्हणाला.