मागच्या सीटवरून दिसणारा रस्ता

"नव्या गाडीला पहिल्या दिवशी चांगलं म्हणू नकोस. डोक्यावर चढून बसते."

घड्याळजींना त्यांचे उस्ताद हे सांगून गेले होते. घड्याळं उघडायला उस्तादांनीच शिकवलं आणि मोटरसायकलवर लांब लांब भटकायचं वेडही त्यांनीच लावलं. त्यामुळे यंदाची नवी लांब पल्ल्याची गाडी बघायला शोरूमने जुन्या मालकांना बोलावलं, तेव्हा घड्याळजी ओठ घट्ट मिटूनच आत शिरले. सोबत बायको होती. तिला शेजारच्या दुकानातून चष्मा आणायचा होता, एवढंच निमित्त.

दातांचे डॉक्टर आणि बेकरीवाला आधीच येऊन नावं ठेवायला बसले होते. तिघांकडेही याच गाडीचं अकरा वर्षांपूर्वीचं मॉडेल होतं आणि त्यात खोट काढणारा अजून जन्माला यायचा होता. डॉक्टरांना नव्या गाडीचा दिवा अक्कलदाढ काढलेल्या पेशंटच्या तोंडासारखा वाटला. सीट गरम होते हे ऐकून बेकरीवाल्याने कपाळाला हात लावला. सारा जन्म भट्टीपुढे गेला, आता बुडाखालीही भट्टी कशाला, असं त्याचं म्हणणं. गाडी मागेही जाते म्हटल्यावर तो म्हणाला, मागे ढकलायला आमचे जावईबापू आहेत.

शोरूममधली मुलगी हसू दाबत सगळं फॉर्मवर उतरवून घेत होती. फॉर्ममध्ये चाळीस प्रश्न होते.

घड्याळजींची मात्र पंचाईत झाली. त्यांनी इंजिनाला कान लावला, चाकं फिरवून पाहिली, गुडघे टेकून खालूनही बघितलं. दोष म्हणून सापडेना. तोंडून चांगला शब्द निसटणार एवढ्यात त्यांची नजर गाडीच्या हँडलमधल्या पडद्यावर गेली. घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला. "हे असं असतं," ते गंभीरपणे म्हणाले, आणि मुलीने तेही लिहून घेतलं.

तिघे चाळिसाव्या प्रश्नाला पोचले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की वहिनी दिसत नाहीत. त्या गाडीवरच होत्या. मागच्या सीटवर, पाठ टेकून, दोन्ही हात बाजूच्या टेकूंवर ठेवून निवांत बसल्या होत्या.

"उतर आता, निघायचं ना," घड्याळजी म्हणाले.

"बसू द्या थोडं."

मुलीने विचारलं, तुमचंही काही लिहू का? मागे बसणाऱ्यांसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता, पण समासात जागा होती.

"लिही बाई," वहिनी नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "की इथून पुढचं दिसतं. अकरा वर्षं मी यांचं हेल्मेट बघतेय. डोंगर बघितला तो हेल्मेट, नदी बघितली तीही हेल्मेट. मागे एक ओरखडा आहे, तेवढा पाठ झालाय."

कुणी हसलं नाही. डॉक्टरांच्या बायकोने तिसऱ्याच वर्षी घरात कामं फार म्हणून गाडीवर यायचं सोडलं होतं. बेकरीवाल्याच्या बायकोला म्हणे चक्कर यायची. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि फॉर्ममध्ये डोकं घातलं.

घड्याळजींना गेल्या वर्षीचा प्रवास आठवला. समुद्राकाठी राहणाऱ्या मेहुणीकडे निघाले होते. निम्म्या वाटेत बायको उतरली, कंबर धरून म्हणाली, त्या फळीवर आता बसवत नाही, आणि सरळ बसमध्ये चढली. पुढचा सगळा रस्ता घड्याळजी त्या बसचा धूर खात मागून गेले. खिडकीतून ती अधूनमधून हात हलवत होती. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं होतं आणि तिने बसचं बोलून ठेवलं होतं.

"ही घ्यायची का?" त्यांनी दबकत विचारलं. उस्तादांना काय वाटेल, हा विचारही मनाला शिवला नाही.

"गाडी कशाला? आपली काय वाईट आहे? मला फक्त ही जागा हवी."

"मग या खेपेला तू बसने जाणार नाहीस. शब्द देतो."

"बघू," ती म्हणाली आणि उतरली. पण उतरताना तिने सीटवर हलकेच हात फिरवला, ते त्यांनी पाहिलं. ती चष्मा आणायला गेल्यावर त्यांनी खिशातली लहान पट्टी काढून पुढच्या सीटपेक्षा मागची किती वर आहे ते मोजलं, पाठीच्या टेकूचा कोनही मोजला.

दुसऱ्या दिवशी घड्याळांचं दुकान बंद होतं. सकाळी घड्याळजींनी अंगणात आपल्या गाडीच्या पुढच्या सीटवर उभा झाडू बांधला, त्याला आपलं जाकीट घातलं, वर हेल्मेट ठेवलं आणि स्वतः मागे जाऊन बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. समोर काहीच दिसेना. दहा मिनिटांत कंबर बोलू लागली. कुंपणावरून शेजारच्या आजींनी विचारलं, कुठे निघालात दोघं?

"कुठे नाही, बसून बघतोय," घड्याळजी म्हणाले.

दुपारी बायको जरा आडवी झाली. त्यांनी नट सोडवून मागची सीट काढली, जुन्या चादरीत गुंडाळून काखेत धरली. मापांचा कागद खिशात आहे ना, हे एकदा चाचपलं. मग फाटकाची कडी आवाज न करता सरकवली आणि गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्याच्या गल्लीकडे चालू लागले.