पुसली गेलेली भुणभुण

मी एक जुना आवाज आहे. माणसाचा नव्हे, बॅटरीवर चालणारा. टॉर्चएवढ्या यंत्रात राहतो. आजारपणात ज्यांचा कंठ काढून टाकावा लागतो, ती माणसं मला गळ्याला टेकवतात, बटण दाबतात आणि ओठ हलवतात. मग माझ्या भुणभुणीचे शब्द होतात. मित्रांनो, कारखान्यात तपासणाऱ्या बाईंनी मला स्वतःच्या गळ्याला लावून "चालतोय" म्हटलं होतं. एवढंच काय ते माझं कौतुक.

पुढे मी सलूनवाल्या काकांच्या हाती पडलो. काका भारी गप्पिष्ट. पण मी आलो आणि त्यांचा एक हात अडकला. बोलायचं तर कात्री थांबवायची, कात्री चालवायची तर गप्प बसायचं. गिऱ्हाइकं घड्याळाकडे बघू लागली. एक लहान पोर तर मला ऐकून भोकाड पसरून रडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी मला घाईघाईनं खिशात कोंबलं.

काकांची मुलगी आवाजांची कलावंत. लोक चित्रं मांडतात, तशी ती आवाज मांडते. लिफ्ट, शिवणयंत्र, पाण्याचा पंप, जे कानावर पडेल ते टिपून आणते. माणूस कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होतं, हा तिचा लाडका प्रश्न. नव्या प्रदर्शनासाठी तिनं काकांना सलूनमध्येच बोलतं केलं. काका भरभरून बोलले. पहिलं गिऱ्हाईक, तिची आई, ऑपरेशनची भीती, सगळं. मीही जीव तोडून भुणभुणलो.

प्रदर्शनाला काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. 'केस कापणारा' अशी पाटी लावलेल्या स्पीकरपुढे उभे राहिले. कात्रीची कचकच ऐकू आली. पाण्याचा फवारा. ओठांची उघडझाप. बाकी काहीच नाही. मी नव्हतो, म्हणून काकाही नव्हते.

मुलगी पांढरीफटक पडली. सगळे आवाज तिनं एकदमच संगणकाला साफ करायला दिले होते आणि घाईत न ऐकता तसेच लावले होते.

"बाबा, तुमचं बोलणं नाही हो काढलं मी. भुणभुण तेवढी काढ, एवढंच सांगितलं होतं त्याला."

काकांनी मला गळ्याला लावलं. "मग बरोबरच काढलंय त्यानं."

सगळे वळून बघू लागले. धरणीनं पोटात घ्यावं, असं मला वाटलं.

"खरं सांग," काका म्हणाले, "लाज वाटते ना माझी?"

तिनं मान खाली घातली. "मैत्रिणी असल्या की तुमचा फोन घेत नाही मी. रेंज नव्हती म्हणून सांगते."

काका म्हणाले, "मीपण बॅटरी संपली म्हणून थाप मारतो. तुझ्या ओळखीच्यांसमोर तोंड उघडायला नको म्हणून."

आणि त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. कंठ गेल्यापासून त्यांचं हसणं मुकंच असायचं. हसायला कोण यंत्र काढतं? त्या दिवशी मात्र त्यांनी मला गळ्यावर घट्ट दाबून धरलं आणि मी चारचौघांत पहिल्यांदा हसलो. फार वाईट हसलो, अगदी कर्कश. मुलगी डोळे पुसत पुसत त्यात सामील झाली.

मित्रांनो, माझी लाज अजून गेलेली नाही. खोलीत नवं माणूस आलं की मी अजूनही अंग चोरतो. तुम्हाला असं कुणी भेटलं, तर तोंड फिरवू नका. त्यांचं वाक्य पुरं होऊ द्या. आणि त्यांना हसू आलेलं दिसलं, तर त्यांनी बटण दाबेपर्यंत थांबा.