रुक्मिणीची खुर्ची

शहाऐंशी साली विक्रोळीत महापालिकेने महिलांसाठी संगीत खुर्चीची स्पर्धा भरवली. कुंडलिक बायकोला चिडवत म्हणाला, "रुक्मिणी, तू घरात कधी बूड टेकत नाहीस. इथे काय बसणार?"

रुक्मिणीने पदर खोचला आणि शेवटची खुर्ची पटकावली. टाळ्या थांबल्या, वॉर्ड ऑफिसर बक्षिसाची कळशी घेऊन पुढे आले, तरी ती उठेना. पाठ टेकून निवांत बसणं तिला भारीच आवडलं होतं.

"अगं, ऊठ ना! साहेब खोळंबलेत," कुंडलिक कुजबुजला.

"बसू दे हो जरा. तुम्ही घरी जाऊन भात टाका."

साहेबांनी हसत कळशी तिच्या मांडीवर ठेवली. कुंडलिक निमूट निघाला, आणि चार पावलांवरून परत आला.

"तांदूळ कुठल्या डब्यात असतो गं?"